अय्यूब मिस्त्रीनं नाकारलेली गाडी

आर्णीत गाडी घ्यायची म्हणजे आधी पैसे जमवायचे, मग चांगला दिवस पाहायचा आणि मग अय्यूब मिस्त्रीला गाडीखाली झोपवायचं, असा क्रम होता. पहिल्या दोन गोष्टी मागेपुढे झाल्या तरी चालत. तिसरी चुकवायची हिंमत कोणाची नव्हती. माहूर रस्त्यावर मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज. तिथं माणूस गाडी घेऊन येई, नाहीतर मिस्त्रीला गाडीपाशी घेऊन जाई. मिस्त्री पोत्याचा तुकडा अंथरे, उताणा होऊन गाडीखाली सरके, पंधरा-वीस मिनिटं आतून ठोकल्याचा, खरवडल्याचा आणि पुटपुटल्याचा आवाज येई. मग बाहेर येऊन तो एकच शब्द बोले. ‘घे’, नाहीतर ‘सोड’. त्यावर अपील नव्हतं. ‘काहून?’ असं कोणी विचारलंच तर मिस्त्री पोतं त्याच्या हातात देई आणि म्हणे, “मंग तूच झोप खाली.”

या कामाचे तो पैसे घेत नसे. चहा आणि पान. चाळीस वर्षांत आपलं ‘घे’ कधी खोटं पडलं नाही, असं तो सांगे आणि गावही मान हलवी. इतका मान मिळाला की माणूस सुखी व्हायला हवा, पण मिस्त्री कायम वैतागलेला. ड्रायव्हर लोकांवर वैतागलेला, कारण त्यांना गाडी चालवता येत नाही. मालक लोकांवर वैतागलेला, कारण ते तेल बदलत नाहीत. गुडघ्यांवर वैतागलेला, कारण साठी जवळ आल्यावर गाडीखाली जाणं सोपं आणि बाहेर येणं अवघड झालं होतं.

ही गोष्ट दोन हजार पाच सालची. कापसाचे ते दिवस आठवले तरी डोकं उठतं. हमीभावावरचा बोनस गेला, सरकारी खरेदी सुरू होईल होईल म्हणता होत नव्हती, व्यापारी म्हणेल तो भाव, आणि जिनिंग कारखान्याच्या फाटकासमोर बैलगाड्या तीन-तीन दिवस उभ्या. लोक इतके कावलेले की पंक्चर काढायला आलेला माणूससुद्धा आधी अर्धा तास कापसावर बोले आणि मग चाकाचं सांगे. त्यात ऑक्टोबर लागला आणि रमजान सुरू झाला. मिस्त्रीला रोजा, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि समोर बसून लोक चहा फुंकत फुंकत त्याला गाड्यांचं विचारणार. तो म्हणे, रोजा भुकेचा नसतोच, रोजा लोकांचा असतो.

अशात गाडी घ्यायला निघाला कोण, तर त्याचाच जावई.

साजिद वणीजवळ राजूरला कोळशाचा टिप्पर चालवी. कमी बोलणारा, मानी पोरगा. ठेकेदारानं दिलेल्या एका खोलीत तो, मिस्त्रीची मुलगी आरिफा आणि चार वर्षांची जेबा राहत. खोलीत सकाळी पुसलेली ताटवाटी दुपारी काळी होई. आरिफाला आर्णीला परत यायचं होतं. लग्न झाल्यापासून सहा वर्षं तिनं हे कधी तोंडानं म्हटलं नव्हतं आणि आता एकदा म्हटलं तर रोज म्हणत होती. साजिदनं स्वतःची पिकअप गाडी घ्यावी, आर्णीच्या आसपासचा शेतमाल वाहावा आणि माहेरच्या गावात दोन खोल्या करून राहावं, असं ठरलं. ठेकेदारानं सांगितलं होतं की ईदपर्यंत काय ते सांग. राहायचं तर आणखी वर्षभराचा करार, नाहीतर खोली मोकळी कर. म्हणजे जे काय होणार ते एवढ्या तीन आठवड्यांत. गाडी चुकली तर पोरगी पुन्हा त्या काळ्या खोलीत, हे मिस्त्रीला पक्कं माहीत होतं, आणि म्हणून तो नेहमीपेक्षा जास्त चिडत होता.

वणीला प्रेमसिंग म्हणून ट्रान्सपोर्टवाला होता. त्याच्या आवारात दोन पिकअप विकायला उभ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, एकाच सालच्या, जुळ्या बहिणींसारख्या. फरक एवढाच की एक साधी होती, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना. आणि दुसरी फोर बाय फोर, म्हणजे गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक छोटी दांडी, ती ओढली की पुढची चाकंही जोर लावणार. साजिदला फोर बाय फोर हवी होती. मिस्त्री पहाटेची एसटी धरून यवतमाळमार्गे वणीला गेला, दोन्ही गाड्यांखाली झोपला आणि बाहेर येऊन साध्या गाडीकडे बोट करून म्हणाला, “घ्या.” दुसरीकडे बोट करून म्हणाला, “सोडा.”

इथं ‘घे’ आणि ‘सोड’ नाही, कारण जावयाला तू म्हणायचं नाही असा घरचा कायदा होता. त्यामुळे मिस्त्रीला जावयावर नीट चिडताही येत नसे.

साजिद म्हणाला, “काहून सोडा, अब्बा?”

आवारात आठ-दहा ड्रायव्हर उभे होते. सगळे ऐकायला पुढं सरकले. मिस्त्रीला हा प्रश्न विचारायचा नसतो हे त्यांनाही माहीत होतं. पण जावयाच्या हातात पोतं कसं देणार?

“सांगतो,” मिस्त्री म्हणाला. “चिखल कवा असते? पावसाळ्यात. कापूस कवा निघते? दसऱ्याच्या पुढं, रस्ते वाळल्यावर. मंग ज्या दिवशी माल असते त्या दिवशी चिखल नसते, अन् ज्या दिवशी चिखल असते त्या दिवशी माल नसते. पुढची चाकं काय शोभेले फिरवता?”

“खाणीत मी पाह्यलं, अब्बा. फोर बाय फोर कुठंच अडत नाई.”

“खाणीत कोळसा बारा महिने निघते. आर्णीत कोळसा पेरते का कोणी?”

ड्रायव्हर हसले. साजिदचा चेहरा उतरला. मिस्त्रीला ते दिसलं आणि वाईटही वाटलं, पण तोवर तो भरात आला होता. फोर बाय फोरवर त्याचा जुना राग होता. काळ्या मातीत नांगर धरायचा तर दोन बैलांनी भागत नाही, चार जुंपावे लागतात. ते पाहत वाढलेल्या आमच्याकडच्या ड्रायव्हरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं की चार चाकं जुंपली तर गाडी ओझं जास्त ओढणार. म्हणून ते डांबरी रस्त्यावरही ती दांडी ओढूनच ठेवत. कोरड्या डांबरावर पुढचं-मागचं एकमेकांशी भांडतं, पुढचे सगळे सांधे खिळखिळे होतात, आणि मग हे शहाणे गाडी ढकलत मिस्त्रीच्या दारात आणून उभी करतात. हे सगळं त्यानं आवारात हातवारे करून सांगितलं. शेवटी म्हणाला, “जेवढं पुढं जास्तीचं, तेवढं मोडणार बी जास्तीचं. माह्या पोरीच्या घरात मले असली गाडी नाई पाह्यजे.”

प्रेमसिंग पांढरी मिशी चावत ऐकत होता. “मिस्त्री, गाडी चांगली हाय माही. तुमी तिले भर चौकात नागवी करून राह्यले.”

“गाडी चांगली हाय. पुढचं झंझट खराब हाय,” मिस्त्री म्हणाला आणि निघाला.

साजिदनं तिथं वाद घातला नाही. शुक्रवारपर्यंत सांगतो म्हणाला आणि कामावर गेला.

मिस्त्री आर्णीत परत आला तर त्याच्या आधी बातमी पोचलेली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर जो येई तो मत घेऊनच येई. एकजण म्हणाला, फोर बाय फोर डिझेल दुप्पट पिते. दुसरा म्हणाला, चारपट, चार चाकं आहेत ना. तांड्यावरचा धावजी म्हणाला की फोर बाय फोरच घ्या, आमच्या नाल्यातून साधी गाडी निघत नाही, आमच्याकडे लग्नं आहेत. म्हणजे जावयानं याच्या वऱ्हाडासाठी गाडी घ्यायची. एक मास्तर तर म्हणाले की लाल घ्या. मिस्त्री कपाळावर हात मारून ट्रॅक्टरखाली शिरला. तो ट्रॅक्टर बापूजींचा होता. चार दिवसांपासून खोलून पडलेला, आणि तिथं खाली निदान कोणी मत द्यायला येत नव्हतं.

संध्याकाळी आरिफाचा फोन आला. ती मराठी शाळेत शिकलेली. बापाशी गोड बोलायचं असलं की उर्दूत बोले आणि भांडायचं असलं की वऱ्हाडीत. आज वऱ्हाडीत होती.

“अब्बा, त्यायले सगळ्यायच्या समोर कोळसा पेरता का म्हणून विचारलं तुमी?”

“मी आर्णीबद्दल बोललो.”

“थे जेवले नाई रातच्याला. मले एक सांगा. गाडीत काय भरणार हाय, हे पाह्यलं का कोणी?”

“कापूस भरणार. आर्णीत दुसरं काय भरते?”

“लोकं सोडून राह्यले ना कापूस.”

“तुले गाडीतलं काय समजते, बेटा. तू सामानाची तयारी कर.”

“तयारीच करून राह्यली मी,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रात्रीपासून परतीचा पाऊस लागला. दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी उघडीप पडली तशी सकाळीच बापूजी गॅरेजवर हजर. बापूजी म्हणजे मिस्त्रीचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक आणि तेवढ्याच वर्षांचे भांडखोर मित्र. त्यांचं वावर गावापासून चार कोसांवर.

“चाल मिस्त्री. माह्या वावरात पिकअप फसली. माल भरलेला हाय, अन् आभाळ पुन्हा भरून राह्यलं.”

“मंग मी काय करू? ट्रॅक्टरनं ओढा.”

“ट्रॅक्टर तुह्याकडं खोलून पडला हाय,” बापूजी शांतपणे म्हणाले. “नाई तं तुह्यासारख्या तापट माणसाले मी कायले बोलावतो?”

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. तो बापूजींच्या मोटारसायकलवर मागे बसला. रस्त्यात दोनदा उतरून ढकलावी लागली.

वावरात पिकअप मागच्या चाकांनी बुडाली होती. साधी गाडी. ड्रायव्हरनं रेस करून करून दोन खड्डे खोदले होते आणि जळक्या क्लचचा वास बांधापर्यंत येत होता. काळी माती ओली झाली की चाकाला अशी धरते की आधी चाक दिसेनासं होतं आणि मग ड्रायव्हरची अक्कल. मिस्त्री त्या ड्रायव्हरला शिव्या घालणार होता. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, कारण त्याचं लक्ष गाडीतल्या पोत्यांवर गेलं. मग पोत्यांमागच्या गंजीवर गेलं. मग वावरावर.

“बापूजी, पऱ्हाटी कुठं हाय तुमची?”

“कोणती पऱ्हाटी?”

“कापूस. इथं कापूस असते तुमचा.”

“तीन वर्स झाले मिस्त्री, सोयाबीन लावतो. वेचाले माणूस भेटत नाई, विकाले भाव भेटत नाई. सोयाबीन शंभर दिवसात मोकळं. फक्त हे परतीचं पाणी हरामखोर. बरोबर काढणीवर येते. भिजलं का काळं पडलं.” बापूजींनी शेजारच्या वावरांकडे हात केला. “हे सगळं सोयाबीनच हाय. तुले दिसलं नाई का येतांनी?”

“तुमचा ट्रॅक्टर मी दर महिन्याले पाह्यतो,” मिस्त्री उगाच म्हणाला.

“ट्रॅक्टर पाह्यतो. वावर नाई पाह्यत.”

दोन बैलजोड्या आणल्या, पोती उतरवली, गाडी निघाली, पोती पुन्हा भरली. दुपार झाली. मिस्त्रीनं दोर बांधला, दगड घातले, पण पूर्ण वेळात कोणाला एक शिवी दिली नाही. ड्रायव्हरला वाटलं, म्हाताऱ्याला रोजा लागला.

रोजा नव्हता लागला. तो मनात हिशेब लावत होता. गॅरेजवर परत आला आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. जळालेल्या क्लचप्लेटा तो फेकत नसे. तारेत ओवून भिंतीवर टांगून ठेवी, ड्रायव्हरांना लाज वाटावी म्हणून. प्रत्येक प्लेट कोणाची, कधीची, त्याला पाठ होतं. त्यानं तार उतरवली आणि एकेक प्लेट खाली ठेवत गेला. ही दिग्रसवाल्याची, नवरात्रात. ही जवळ्याच्या पोराची, दिवाळीच्या आधी. ही त्याचीच, पुढच्या साली. तीन वर्षांतल्या बहुतेक सगळ्या प्लेटा नवरात्र ते दिवाळी एवढ्या दिवसांतल्या होत्या, म्हणजे सोयाबीनच्या काढणीतल्या. सगळ्या साध्या गाड्यांच्या. आणि दर वेळी त्यानं ड्रायव्हरला गाढव म्हणून परत पाठवलं होतं. गाडीत काय भरलं होतं, हे एकालाही विचारलं नव्हतं.

त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी की त्यानं गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलं. गाडीखालून पाहिलं की चाळीस वर्षं जग सारखंच दिसतं, वरचा माल बदलला तरी खाली कळत नाही. पोरीनं फोनवर एका वाक्यात सांगितलं होतं आणि आपण तिला सामान बांध म्हणालो.

घरी इफ्तारला बसल्यावर त्यानं बायकोला, रौशनला, सगळं सांगितलं. ती भजी तळत होती.

“मंग उद्या फोन करा अन् म्हणा, थे दुसरी घेतो,” ती म्हणाली.

“दहा माणसायच्या समोर ‘सोड’ म्हटलं मी. माहा शब्द फिरत नाई.”

“शब्द कोणाच्या घरात ठेवाचा हाय तुमाले?” रौशन म्हणाली. “मले पोरगी पाह्यजे.”

 तिनं भज्यांची ताटली जरा जोरात ठेवली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मिस्त्रीनं सकाळी घसा साफ करून वणीला प्रेमसिंगला फोन लावला.

प्रेमसिंग म्हणाला की साधी गाडी गेली. मिस्त्रीनं ‘घ्या’ म्हटल्याचं ऐकून मारेगावचा एकजण त्याच दिवशी संध्याकाळी घेऊन गेला. दुसरी उभी आहे, तिला कोणी हात लावायला तयार नाही, तुमच्याच कृपेनं.

मिस्त्रीला इतकं हलकं वाटलं की तो फोनवर हसला. “तेच गाडी पाह्यजे मले. उद्या येतो.”

“या. तुमच्या मनासारखी करून ठेवली मी,” प्रेमसिंग म्हणाला.

मिस्त्रीला वाटलं, धुतली असेल.

शनिवारी तो अकराच्या सुमारास वणीला उतरला. निरोप मिळाल्यामुळे साजिद सुट्टी काढून आवारात आलेला. सासऱ्याला पाहून त्यानं सलाम केला. मिस्त्री म्हणाला, “तुमीच बरोबर होते. मी चुकलो. मंग सांगतो सगळं,” आणि आणखी बोलायला लागू नये म्हणून घाईनं पोतं अंथरून गाडीखाली शिरला.

आतून आवाज आला नाही. ठोकल्याचा नाही, पुटपुटल्याचाही नाही. बराच वेळ नुसते दोन पाय बाहेर दिसत होते.

“प्रेमसिंगभाऊ,” खालून मिस्त्री म्हणाला, “पुढच्या चाकायले फिरवणारा शाफ्ट कुठं हाय?”

“काढला ना,” प्रेमसिंग खुशीत म्हणाला. “तुमी म्हटलं ना, पुढचं झंझट खराब हाय. गाडी तं विकाची हाय मले. म्हटलं मिस्त्रीले पसंत पडली पाह्यजे. शाफ्ट काढला, अन् आतमधली थे जास्तीची दांडी बी कापून टाकली. आता एकदम साधी झाली. घ्या.”

मिस्त्री बाहेर आला. केबिनमध्ये डोकावला. छोट्या दांडीच्या जागी चार बोटं उंचीचा खुंट उरला होता, करवतीनं कापलेला, वर कोणीतरी फडकं गुंडाळलेलं. त्यानं त्या खुंटाकडे पाहिलं, प्रेमसिंगकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. शिवी देणार कोणाला? ‘सोडा’ म्हणणारा तोच होता. माणसाचा शब्द लोक इतका मानतात, याचा चाळीस वर्षं त्याला अभिमान होता. आज त्याला वाटलं, एखाद्यानं त्या दिवशी तोंडावर सांगितलं असतं की मिस्त्री, तुले काही कळत नाही, तर किती बरं झालं असतं. खरं तर एकानं विचारलं होतं. त्याला आपण हसण्यावारी नेलं.

“शाफ्ट कोणाले देला?” त्यानं विचारलं.

“भंगारवाल्याले.”

तिघं भंगारवाल्याकडे गेले. पलंगाचे पाय, फुटके पंप आणि सायकलींच्या ढिगात शाफ्ट कुठंच दिसेना. भंगारवाला म्हणाला, असा काही आला नाही. साजिदलाच तो दिसला. भंगारवाल्यानं तो खांबासारखा जमिनीत गाडून त्यावर दुकानाची ताडपत्री ताणली होती. तिच्या सावलीत बसूनच तो ‘आला नाही’ म्हणत होता. शाफ्ट उपटला तशी ताडपत्री चौघांच्या डोक्यावर पडली. तिच्या खालून मिस्त्रीचा आवाज आला, “या जिल्ह्यात एकही माणूस धड नाई,” आणि थोडं थांबून, “माह्यासकट.” मग बांबू शोधून ताडपत्री उभी करून देण्यात अर्धा तास गेला.

शाफ्ट वाकला नव्हता, हेच नशीब. आवारात आणून मिस्त्रीनं तो रॉकेलनं धुतला. साजिद न सांगता त्याच्याबरोबर गाडीखाली शिरला. खाली दोघंच असताना मिस्त्रीनं त्याला बापूजींच्या वावराचं सांगितलं, क्लचप्लेटांचं सांगितलं. साजिद बोल्ट धरून ऐकत होता. “मी सोयाबीनचं नव्हतो बोललो, अब्बा,” तो म्हणाला. “मले तं फक्त चिखलाची भीती वाटे. खाणीत एक डाव रात्रभर फसलो होतो, पोरगी तापली होती तवा.” हे मिस्त्रीला माहीत नव्हतं. त्यानं पुढचे दोन बोल्ट आवळले.

वरती ड्रायव्हरांची गर्दी जमली होती. दांडीला वेल्डिंग चाललं तेव्हा प्रेमसिंगनं विचारलंच. “मिस्त्री, तवा सोडा म्हटलं तं मी काढलं. आता बसवून राह्यले. मंग मी तुमचं कोणतं खरं धरू?”

“आजचं धरा,” मिस्त्री सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “तवा मी गाडी पाह्यली. माल नाई पाह्यला.”

कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं मान डोलावली.

दुपारचं ऊन ऑक्टोबरचं, पत्रे तापलेले. मिस्त्रीचा घसा कोरडा पडला होता, गुडघे जागच्या जागी धरले होते. काम संपेपर्यंत सूर्य बुडायला आला. दांडी हलत होती, पण गाडी चालवून पाहायची बाकी होती. एवढ्यात फाटकातून एक ऑटो आत आला. टपावर गादीची वळकटी, मागे पत्र्याची पेटी, बाजूला दोरीनं बांधलेलं पाण्याचं पिंप. आतून आरिफा उतरली. काखेत जेबा, हातात डबा.

मिस्त्री गाडीखालून निम्मा बाहेर आला होता. तसाच राहिला.

“हे काय हाय?”

“सामान हाय. खोली सोडली. किल्ली देऊन आली ठेकेदाराले.”

“कोणी सांगतलं तुले? गाडी अजून चालवून पाह्यली नाई. म्या काही म्हटलं नाई अजून. शाफ्टचा आवाज आला, पुढचं धरलं नाई, तं कुठं जाशील? अक्कल हाय का?”

आरिफानं जेबाला खाली उतरवलं. “अब्बा, तुमी काय म्हणता हे ऐकत बसली असती तं माही उमर त्याच खोलीत गेली असती.”

ती हे रागानं म्हणाली नव्हती. म्हणूनच मिस्त्रीला ते जास्त लागलं. साजिद बायकोकडे पाहत होता. त्यालाही हे आत्ताच कळत होतं. तेवढ्यात मशिदीतून रोजा सोडायची अजान सुरू झाली. मिस्त्रीचे हात कोपरापर्यंत काळे. आरिफानं डब्यातून खजूर काढला, त्यातलं बी काढलं आणि बापाच्या तोंडात घातला. मग पाण्याचा पेला धरला. तो अर्धा तोंडात गेला, अर्धा दाढीवर पडला. डोळ्यांतलं पाणी त्यात खपून गेलं, ते एक बरं झालं.

सगळ्यांनी सामान चढवायला सुरुवात केली. मिस्त्रीनं पेटी दोनदा हलवायला लावली. “पुढं सरकवा, केबिनकडं. पुढच्या चाकायवर वजन पाह्यजे.” साजिदनं आरिफाला आणि जेबाला शेजारी बसवलं आणि गाडी आवाराच्या कोपऱ्यात नेली. तिथं ट्रक धुवायची जागा होती, घोटाभर चिखलाची. गाडी त्यात गेली. मागची चाकं जागीच गरगरली, चिखल उडाला, ड्रायव्हर लोक मागे झाले. मग साजिदनं ती छोटी दांडी ओढली. पुढच्या चाकांनी माती धरली, गाडी एकदा हुंदकळली आणि सामानासकट हळूहळू वर आली.

सगळे मिस्त्रीकडे वळले. प्रेमसिंगही. त्या एका शब्दासाठी लोक थांबले होते.

“काय मंग मिस्त्री?” प्रेमसिंग म्हणाला. “घे का सोड?”

मिस्त्री पाने पोत्यात गुंडाळत होता. “मले काय विचारता,” तो चिडून म्हणाला. “पोरगी घर मोडून आली. आता गाडीलेच चालणं भाग हाय.”

केबिनमध्ये जागा नव्हती. तो मागे चढला, गादीच्या वळकटीला टेकून पेटीवर बसला आणि साजिदला ओरडून सांगितलं की डांबरी रस्ता लागला की आधी दांडी खाली करा.